पकडीचं की बिनपकडीचं

नीना पावलोव्नाच्या स्वयंपाकघरातला रेडिएटर गळायला लागला आणि त्याच्याशी झटापट करताना कुआनिशच्या पकडीचा जबडा तुटला. नट गंजलेला होता. त्यानं जोर लावला, अजून लावला, दात-ओठ खाऊन लावला. नट जागचा हलला नाही. पकडीचा एक दात मात्र कट्‌कन तुटून चुलीखाली गेला.

"तुटलं का रे काही?" नीना पावलोव्नानं टॉवेल पिळता पिळता विचारलं.

"तुटलं."

"नटच ना?"

"नाही. मीच," कुआनिश म्हणाला आणि फरशीवर तसाच बसून राहिला. उठायला गुडघ्यांची परवानगी लागायची आणि ती आज मिळत नव्हती.

नुसती पक्कड असती तर एवढं वाईट वाटायचं कारण नव्हतं. हे होतं मल्टिटूल. मिटवलं की मुठीत मावणारं, उघडलं की पक्कड, आणि मुठींच्या पोटात सुरी, कानस, पेचकस, दाभण, डबा उघडायचा आकडा असा सगळा संसार. कमरेच्या पट्ट्याला चामडी म्यानात ते इतकी वर्षं लटकत होतं की बायको त्याला आपली सवत म्हणायची.

आणि तुटलं तेही कधी, तर ऑक्टोबरात. आमच्या कारागांदा शहरात ऑक्टोबर म्हणजे फिटरचं मरण. बॉयलरघरातून पाइपांत गरम पाणी सोडतात, आणि उन्हाळाभर झोपलेले जुने रेडिएटर जागे होऊन इथून तिथून गळायला लागतात. ज्यांचे गळत नाहीत त्यांचे तापत नाहीत. कुआनिशकडे चार बिल्डिंगा. एकीलाही लिफ्ट नाही. "कुआके, आमच्याकडे जरा बघता का?" ही हाक त्याला आता स्वप्नातही ऐकू यायची. मोठ्या माणसाला आमच्याकडे नावाचं पहिलं अक्षर धरून असं मानानं हाक मारतात. मान हाकेत असतो, जिने मात्र ज्याचे त्यालाच चढावे लागतात. पिट्टा पडला होता बिचाऱ्याचा. साठी उलटली होती, पेन्शनला अजून दोन हिवाळे होते, आणि ते दोन हिवाळे ढकलायचे कसे हाच विचार तो जिना चढताना करायचा, कारण दुसरा विचार करायला वेळच मिळत नसे.

त्यात रविवार तोंडावर आला होता.

रविवारी त्याच्या नातवाचा दोर कापायचा होता. पोर चालायच्या बेतात आलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधतात आणि कुणीतरी तो सुरीनं कापून पोराला चालायला मोकळं करतं. जो कापतो त्याची चाल पोराला लागते, तसंच त्याचं पुढचं आयुष्य जातं, असं आम्ही मानतो. म्हणून माणूस निवडून घेतात. लेकीनं, तोग्जाननं, गेल्या आठवड्यात फोन केला होता. "आके, सांझारचा दोर तुम्ही कापायचा. दुसरं कोणी नको." आणि कुआनिशनं जिन्यात उभ्या उभ्या, खांद्यावर पाइप, कानाला फोन, नेहमीसारखं "हो, येतो" म्हणून टाकलं होतं.

म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. कोणी कधी एवढ्या मानाचं काम सांगितलं नव्हतं, म्हणून आतून आनंद होत होता. आणि दुसरीकडे वाटत होतं, माझी चाल? माझी कसली चाल? जिना वर, जिना खाली. हाक आली की उठ. हे त्या लेकराच्या पायांत घालायचं? शत्रूलाही कोणी असा आशीर्वाद देत नाही.

घरी बायको राइहान कणीक लाटत बसली होती. तुटलेलं मल्टिटूल त्यानं तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं. तिनं बघितलं, लाटणं खाली ठेवलं आणि हात जोडले.

"सुटले! देवालाच दया आली."

"हसतेस काय? उद्या बाजारात जाऊन दुसरं आणायला पाहिजे."

"दुसरं? अहो म्हातारबुवा, अक्कल गहाण टाकलीत का? ती पक्कड कमरेला लटकते म्हणून तर लोक हाका मारतात. कामावर आहात तोवर पेटीतली हत्यारं आहेत की. संध्याकाळी दारात गाठतात ते कशाच्या जोरावर? पक्कड नाही म्हटलं की विषय संपला."

"दोर कापायला सुरी तर लागेल?"

"सुरी घ्या ना, कोण नको म्हणतंय? सुरी घ्या, फार तर कात्री असलेलं घ्या. सफरचंद कापा, नखं कापा, माणसासारखे बसा. पण पकडीचं आणलंत तर मी दार उघडणार नाही, आधीच सांगते."

दार न उघडण्याची धमकी ती लग्न झाल्यापासून देत आली होती आणि दार रोज उघडत आली होती. पण या वेळी तिचा आवाज वेगळा होता. तिनं त्याचे सुजलेले गुडघे पाहिले आणि पुन्हा लाटणं उचललं.

"खरंच सांगते हो," ती हळूच म्हणाली, "मला तुम्ही बसलेले बघायचेत."

शनिवारी कुआनिश बाजारात गेला. जुन्या कंटेनरांच्या रांगांत ताखिरचं दुकान आहे. कुलपं, बॅटऱ्या, सुऱ्या, सगळं मेणकापडावर मांडलेलं. ताखिर उइघुर जमातीचा, तोंडाचा पट्टा असा की गिऱ्हाईक पळून गेलं तरी तो थांबत नाही.

"या, या कुआके! ऐकलं, तुमची गेली म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बिल्डिंगीतली बाई आली होती नळाचं वॉशर न्यायला. रडायचीच बाकी होती. म्हणाली, आमचे कुआके अपंग झाले."

"झालोच आहे. दाखव काय आहे ते."

ताखिरनं एकेक काढून मेणकापडावर ठेवायला सुरुवात केली. हातात देत नाही तो. पात्याची वस्तू हातातून हातात दिली की भांडण लागतं म्हणतात, आणि ताखिरला भांडणं दुकानाबाहेरची पुरेशी आहेत.

"हे बघा. राजा आहे राजा! यात एकवीस हत्यारं आहेत."

"एकवीस? मला हात दोन आहेत."

"ही करवत. ही कानस. हे बघा, हे माशाचे खवले काढायचं."

"कारागांदात मासा?"

"कधी समुद्रावर गेलात तर!"

"मी पाचव्या मजल्यावर जातो तेच खूप आहे." कुआनिशनं ते उचलून तळव्यावर तोललं. "जड आहे. हे पट्ट्याला लावून दहा जिने चढलो की विजार उतरेल. नको."

दुसरं बघितलं. दिसायला देखणं, चकचकीत. पण सुरी बाहेर काढायला आधी दोन्ही मुठी उघडायच्या, मग नखानं खाच शोधायची. एक हात पाइपावर दाबून ठेवलेला असताना, पाणी अंगावर उडत असताना, दुसऱ्या एकाच हातानं काय ते उघडलं पाहिजे. हे बनवणाऱ्याच्या अंगावर कधी पाणी उडालेलं नाही, एवढं त्याला लगेच कळलं. तिसऱ्याचं पातं खटक्यात बसत नव्हतं; जोर दिला की मिटून बोटावर आलं असतं. चौथं चिनी, पकडीचा जबडा मिटला तरी मधून उजेड दिसायचा.

"तुम्ही हत्यार घ्यायला आलात की सून बघायला?" ताखिर वैतागला.

"सून एवढी जवळ ठेवत नाहीत. हे रात्रंदिवस कमरेला असतं."

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या बिल्डिंगीतून. रेडिएटर वर गरम, खाली गार. "हवा अडकली असेल, येतो, बाजारात आहे," कुआनिश म्हणाला. फोन खिशात गेला नाही तोच पुन्हा. तिसरी बिल्डिंग, नळाची मूठ हातात आली. "येतो." मग नीना पावलोव्ना. तिच्या रेडिएटरला बांधलेल्या कापडातून पुन्हा पाणी ठिबकायला लागलं होतं. "येतो, नीना पावलोव्ना, बादली ठेवा तोवर."

"कुआके, एक काम करा," ताखिर म्हणाला, "त्या फोनलाच एक पक्कड बसवून घ्या. आणि एक 'नाही' म्हणायचं बटणही."

"ते येतं का बाजारात?"

"आलं असतं तर मी आधी माझ्या बायकोपासून लपवून घेतलं असतं."

कुआनिशला हसू आलं. आणि तेवढ्यात पाचवं हातात आलं. फार मोठं नाही, फार जड नाही. सुरी बाहेरच्या अंगाला, अंगठ्यानं लोटली की उघडणारी. खटका घट्ट. पक्कड दाबून सोडली की आपोआप उघडायची, आतली स्प्रिंग मऊ. मुठीच्या कडा घासून गोल केलेल्या. त्यानं ते तळव्यात धरलं आणि तळवा गप्प बसला. दुसऱ्या कुठल्याही हत्याराच्या वेळी तळवा काहीतरी कुरकुरत होता.

"झालं! तोंड बघितलं तुमचं," ताखिर म्हणाला. "बांधू?"

"थांब जरा." राइहानचे शब्द त्याच्या कानात होते. हे घेतलं म्हणजे पुढचे दोन हिवाळे आपणच आपल्या गळ्यात बांधले. पण उद्या नातवाचा दोर कापायचा तर यानंच कापावा, असंही वाटत होतं. हे पातं दोरातून लोण्यासारखं गेलं असतं. तो ते मिटवत होता, उघडत होता, मिटवत होता.

फोन पुन्हा वाजला. या वेळी विहीण, बातिमा.

"कुदा, कसे आहात? तब्येत? राइहान बरी आहे? रेडिएटर तापले का?" बातिमा आपल्या कुदाशी, म्हणजे व्याह्याशी, कधी एकदम मुद्द्याचं बोलत नसे. आधी सगळं घर फिरून यायची. "बरं, एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका हं. उद्याचं... आयबेक साहेब येतायत. आमच्या ऐदोसच्या ऑफिसातले सगळ्यात मोठे साहेब! स्वतः हो म्हणालेत. मग मी म्हटलं, दोर त्यांच्या हातून कापून घेऊ. शेवटी पोरानं पुढे जावं असं आपल्याला सगळ्यांनाच वाटणार, नाही का? तुम्हालाही वाटेलच. तुम्ही मस्त मानाच्या जागी बसायचं, काही करायचं नाही."

"चांगलं केलंत," कुआनिश म्हणाला.

"नाही ना राग आला?"

"राग कसला? चांगलंच केलंत."

फोन त्यानं खिशात टाकला. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लहान पोराच्या हातातलं काढून घेतल्यावर वाटावं तसं, भर बाजारात, या वयात. आणि त्याच वेळी मनात कोणीतरी म्हणत होतं, बरं झालं, सांझार वाचला. त्याला स्वतःच्या त्या सुटकेचाच जास्त राग आला. बातिमा बाई खोटं काय बोलली? आपणही आठवडाभर हेच तर घोकत होतो. मग तिनं म्हटल्यावर एवढं का लागावं?

त्यानं हातातलं हत्यार मिटवलं आणि मेणकापडावर ठेवलं.

"ते दाखव. ते निळ्या मुठीचं. छोटं."

"ते?" ताखिरनं भुवया चढवल्या. "कुआके, त्यात पक्कड नाही. सुरी, कात्री, चिमटा आणि नखं घासायची पट्टी. बायका पर्समध्ये ठेवतात ते."

"मग मी पर्स घेतो. बांध."

ताखिरनं ते कागदात गुंडाळून मेणकापडावर ठेवलं. घरी राइहाननं ते निळं टिकलीएवढं हत्यार पाहिलं, उघडून कात्री दोनदा चालवली, आणि आनंदानं काहीतरी बोलायला गेली. नवऱ्याचं तोंड पाहून तिनं ते मिटवून त्याच्या पुढ्यात ठेवलं. बातिमाचा फोन तिलाही आला होता.

रविवारी दुपारी ते दोघं बातिमाच्या घरी गेले. चौथा मजला. कुआनिश प्रत्येक मजल्यावर थांबला आणि जिन्यातल्या पाइपांकडे बघण्याचं निमित्त करत राहिला. राइहानही त्याच्याबरोबर पाइप बघत उभी राहायची.

दारातच जावई ऐदोस भेटला. "आके, बरं झालं आलात! बाथरूमची कडी बघता का जरा? आतून लागतच नाही, पाहुणे गाणं म्हणत बसतात." कुआनिशचा हात सवयीनं कमरेला गेला. तिथं काही नव्हतं. त्यानं खिशातून निळं हत्यार काढून दाखवलं.

"नखं कापायची असतील तर सांग."

ऐदोसनं ते निळं हत्यार बघितलं. तो कसनुसा हसला आणि निघून गेला. झालं, एवढंच होतं! राइहान म्हणत होती ते खरंच होतं. पक्कड नाही म्हटलं की विषय संपला.

कुआनिशला मानाच्या जागी बसवलं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बाउरसाकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग, मांसाची परात, दुधाचा चहा. तो बसला. कोणी हाक मारेना. सुरुवातीला बरं वाटलं, पाय लांब केले, तीन कप चहा प्याला. मग बरं वाटायचं थांबलं. स्वयंपाकघरात काहीतरी धडामकन पडलं, बातिमा एकटीच तिकडे धावली, आणि हा आपला मानाच्या जागी. शेजारी सोफ्यावर बातिमाचा नवरा झुमाबाय आडवा होता. पाहुणे येवोत, जावोत, झुमाबायांची कूस बदलत नसे. थोरला मुलगा आतल्या खोलीत झोपला होता. दुपार झाली होती तरी त्याची सकाळ अजून व्हायची होती. आणि बातिमा या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत, हातात परात, कानाला फोन, कपाळावर घाम.

सांझार सोफ्याची कड धरून उभा होता. एक हात सोडायचा, डुलायचा, पुन्हा धरायचा. आजच्या दिवशी आपल्याला मोकळं करणार आहेत हे जणू त्यालाच सगळ्यात आधी कळलं होतं. कुआनिशकडे बघून तो हसला आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबली.

साहेब काही येईनात. बातिमानं पोराला नवे कपडे घातले, पांढरं कापड लांबच लांब अंथरलं, एका मावशीनं उत्साहाच्या भरात पोराच्या पायांना दोरही बांधून टाकला. मग दाराची घंटा वाजली. सगळे उठून उभे राहिले. दारात साहेबांचा ड्रायव्हर, हातात ही एवढी मोठी खेळण्यातली मोटार.

"साहेबांना अचानक मीटिंग आली. म्हणाले, कापून घ्या, माझे आशीर्वाद आहेत."

"रविवारी मीटिंग?" कोणीतरी पुटपुटलं. ड्रायव्हरनं मोटार जमिनीवर ठेवली, एक बाउरसाक तोंडात टाकला आणि गेला.

बातिमा खोलीच्या मधोमध उभी राहिली. पांढऱ्या कापडाच्या टोकाला पाय बांधलेला सांझार एका मावशीच्या बोटांना लोंबकळत होता आणि रडकुंडीला आला होता. दोर एकदा बांधला की न कापता सोडायचा नसतो. बाई चांगलीच अडली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही उठता का?"

"माझी कंबर, बातिमा," झुमाबाय सोफ्यावरून म्हणाले.

"थोरल्याला उठवा."

"झोपलाय बिचारा."

मग बातिमाची नजर फिरत फिरत मानाच्या जागेवर आली. "कुदा," ती म्हणाली, "मग तुम्हीच कापून टाका. तसेही आहातच इथे."

आहातच इथे! कुआनिश हे वाक्य ओळखत होता. दर हिवाळ्यात प्रत्येक जिन्यात ऐकत होता. कुआके, आलाच आहात तर आमचाही नळ बघा. इतक्या वर्षांत त्याला यावर एकच उत्तर येत होतं.

"नाही," तो म्हणाला.

राइहानचा चहाचा कप ओठांजवळ थांबला. तिनं लग्नानंतर हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता.

"दुसरं कोणी बघा," कुआनिश म्हणाला. "माझ्या हातून नको."

सांझारची भुणभुण वाढली. तोग्जान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाची किटली. सून माणसानं पाहुण्यांत बोलायचं नसतं. ती आजवर बोललीही नव्हती. तिनं किटली खाली ठेवली.

"अपा," ती सासूला म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून आकेंचंच नाव घेतलं होतं. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणालात साहेब, मी गप्प बसले. माझं चुकलंच. 'आहातच इथे' म्हणून नकोत ते. मला माझा मुलगा त्यांच्यासारखा हवाय, म्हणून हवेत."

"तोग्जान, बाळा, गप बस," कुआनिश म्हणाला. पण मग त्याच्याच्यानं राहवेना. "माझ्यासारखा म्हणजे कसा गं? बघ ना माझ्याकडे. हाक आली की धाव, हाक आली की धाव. तुझ्या शाळेत कधी वेळेवर पोचलो? तुझ्या आईबरोबर एकदा तरी निवांत जेवलो? गुडघे गेले, पाठ गेली, आणि हाती काय राहिलं? मी थकलोय गं. फार थकलोय. ही चाल त्याला लावू नको. पोरगं थकेल."

राइहान डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होती. आणि मग बातिमा, जी बाई कधी सरळ मुद्द्यावर येत नसे, एकदम कडाडली.

"थकू दे की मग! थकू दे, कुदा!" तिनं हातातली परात धाडकन दस्तरखानावर ठेवली. "या घरात लग्न करून आले तेव्हापासून मी एकही माणूस थकलेला बघितलेला नाही. हे बसून बसून कंटाळतात. थोरला झोपून झोपून कंटाळतो. धाकटा कडी लावायला सासऱ्याची वाट बघतो. थकते ती मी! एकटी मी! आणि म्हणे साहेबांची चाल. काय करू ती चाल घेऊन? बोलावलं तर येत नाही असला माणूस या घरात आणखी एक कशाला?" तिला धाप लागली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला कोणीतरी हाक मारल्यावर येणारं द्या हो. मीही थकलेय."

झुमाबाय सोफ्यावर उठून बसले. कोणी सांगितलं नव्हतं, पण बसले.

कुआनिश विहिणीकडे बघत राहिला. इतकी वर्षं या बाईच्या बोलण्यातला गोडवाच त्यानं ऐकला होता. तिचे गुडघेही सुजलेले आहेत हे त्यानं आत्ता पाहिलं. तो दस्तरखानावर हात टेकून उठला. गुडघे कडकड वाजले ते सगळ्या खोलीनं ऐकलं. पांढऱ्या कापडापाशी जाऊन तो खाली बसला आणि खिशातून ते निळं हत्यार काढलं. पातं नखाएवढं. बाजारात ठेवून आलेलं ते दुसरं आत्ता हातात असतं तर, असं त्याला वाटून गेलंच. लोकर जाड होती. एका झटक्यात काही कापली जाईना. त्यानं पोराच्या घोट्याला धरलं आणि एकेक पेड कापत गेला, आधी काळा, मग पांढरा.

"तुला पटलं तर चाल रे बाबा," तो हळूच म्हणाला. "माझी सक्ती नाही."

दोर सुटला. बायकांनी चॉकलेटं आणि गोळ्या उधळल्या, आरडाओरडा झाला. मावशीनं बोटं सोडवून घेतली. सांझार डुलला, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"इकडे ये, सांझार!" बातिमानं हात पसरले. पोरगं तिच्याकडे वळलं. "इकडे, माझ्याकडे!" ऐदोस ओरडला. ते थांबलं, आणि त्याच्याकडे निघालं. "अरे आजोबांकडे ये!" झुमाबायांनी सोफ्यावरून टाळ्या वाजवल्या. पोरगं पुन्हा वळलं. सगळी खोली हाका मारायला लागली, मावशा, शेजारी, दारातले पाहुणे, आणि सांझार ज्यानं हाक मारली त्याच्याकडे तोंड करून, हसत हसत, धडपडत, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे.

कुआनिश हे बघत होता. अजून गुडघ्यांवरच होता तो. त्यानं दोन्ही हात वर केले आणि उभ्या आयुष्यात कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्यानं ओरडला.

"हाका मारू नका रे सगळ्यांनी! दमेल तो! एकेकानं बोलवा!"

सगळे दचकून गप्प झाले. सांझार खोलीच्या मधोमध उभा राहिला, कोणाचाच आवाज येईना म्हणून त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि आरामात खाली बसला.